पाऊण तासाच्या खेळाडूने व्हिडिओ गेम कसा निवडावा आणि कसा खेळावा

दिवसाचे काम, स्वयंपाकघराची आवराआवर आणि मुलांच्या झोपा आटोपल्यावर ज्यांच्या हाती रात्रीचा जेमतेम पाऊण तास उरतो, त्यांनी गेम विकत घेण्यापूर्वी सर्वांत आधी एक गोष्ट पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन: हा गेम आपल्याला कुठे थांबू देतो. चित्रांचे सौंदर्य, कथेची लांबी, परीक्षणांतले गुण हे सारे त्यानंतरचे. गेल्या वर्षभरात खेळलेल्या गेमपैकी कोणते पूर्ण झाले आणि कोणते अर्ध्यावर राहिले, हे मी वहीत मांडून पाहिले. अर्ध्यावर राहिलेले बहुतेक गेम चांगलेच होते. अडचण इतकीच होती की त्यांचा पुढचा थांबा माझ्या पाऊण तासाच्या पलीकडे होता, आणि तिथवर पोहोचण्याआधीच रोज झोपेची वेळ होत असे.

थांबा कसा ओळखावा

‘स्टारड्यू व्हॅली’ हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. एरिक बॅरोन यांनी चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून केलेला हा शेतीचा गेम २०१६ साली आला. संगणकावर तो मधेच कुठेही सेव्ह करता येत नाही. आपले पात्र अंथरुणावर झोपले की दिवस संपतो आणि तेव्हाच आपली प्रगती नोंदली जाते. गेममधला दिवस सकाळी सहाला सुरू होऊन रात्री दोनला संपतो, आणि प्रत्यक्षात तो सुमारे १४ मिनिटांचा असतो. म्हणजे पाऊण तासात तीन दिवस नीट बसतात. हा हिशेब माहीत नव्हता तोवर मी चौथा दिवस सुरू करून तो अर्ध्यावर टाकत असे आणि लावलेली रोपे, तोडलेली लाकडे सगळी वाया जात. आता तिसऱ्या रात्री पात्र झोपले, नवी सकाळ उजाडली, की घराबाहेर पाऊल न टाकता मी गेम बंद करते. बाहेर पडले की पिकाला आलेली रोपे दिसतात आणि मग उठवत नाही.

या गेमबद्दल नवख्या खेळाडूला आणखी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. प्रत्येक हंगाम २८ दिवसांचा असतो आणि हंगाम बदलला की त्या हंगामापुरतेच येणारे उभे पीक मरते, म्हणून बियाणे घेण्यापूर्वी दिवस मोजावेत: वसंतातला फ्लॉवर तयार व्हायला १२ दिवस लागतात, तेव्हा १६ तारखेनंतर तो लावू नये. दुसरी गोष्ट मासेमारीची. सुरुवातीला ती फार अवघड जाते आणि अनेकांचा उत्साह तिथेच मावळतो. पण मासेमारीची पातळी वाढते तशी माशाला धरून ठेवणारी हिरवी पट्टी लांब होत जाते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात तिच्याशी झगडत बसण्याची गरज नाही. हंगाम, पेरणीची तारीख आणि पावसाच्या दिवशी पाणी घालण्यातून मिळणारी सुटका या गोष्टी ज्यांनी लहानपणी सुट्टीत गावी पाहिल्या आहेत, त्यांना हा गेम लवकर जवळचा वाटतो. निदान मला तो वाटला.

‘हेडीज’मध्ये थांबा वेगळ्या जागी आहे. २०२० साली पूर्ण स्वरूपात आलेल्या या गेममध्ये ग्रीक पुराणांतल्या पाताळाच्या राजाचा मुलगा झॅग्रियस बापाच्या राज्यातून पळून जाण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. एक पूर्ण प्रयत्न साधारण अर्ध्या ते पाऊण तासाचा असतो, आणि मधेच बंद केला तरी पुढच्या वेळी त्याच दालनाच्या सुरुवातीपासून खेळता येतो. चालून येणाऱ्या राक्षसांच्या झुंडींत तग धरण्याच्या ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ या गेमच्या पहिल्याच जंगलात तर डोक्यावर घड्याळ चालते आणि ३० मिनिटांनी काळ स्वतः न्यायला येतो, यात शस्त्रे आपोआप चालतात, खेळाडूने केवळ हालचाल करायची असते, त्यामुळे थकलेल्या डोक्यालाही तो पेलतो.

विकत घेतलेल्या प्रत्येक गेमची मी पहिल्याच रात्री एक परीक्षा घेते. वीस मिनिटे झाली की तो मुद्दाम बंद करते आणि लगेच पुन्हा उघडून किती मागे फेकले गेले ते पाहते. पाच मिनिटांहून जास्त काम गेले असेल आणि पुढचा थांबा कुठे आहे हे गेम सांगतही नसेल, तर तो माझ्या दिनक्रमाला मानवणारा नाही असे समजावे. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळून दोन तास पूर्ण होण्यापूर्वी पैसे परत मागता येतात, म्हणून ही परीक्षा पहिल्या दोन तासांतच उरकावी. गेम उघडा ठेवून आपण फोनवर बोलत बसलो किंवा सेटिंग लावत राहिलो, तरी तो वेळ खेळण्याच्याच खात्यावर पडतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

दोन प्रकारचे गेम मी सध्या घेतच नाही. ज्यांत समोर इंटरनेटवरून खरी माणसे खेळत असतात आणि डाव थांबवण्याची सोयच नसते, ते गेम घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असताना खेळू नयेत. हाक आली की उठावे लागते, आणि मग आपल्या बाजूच्या अनोळखी खेळाडूंचाही डाव बिघडतो. दुसरा प्रकार म्हणजे शंभर शंभर तासांचे विस्तीर्ण जग असलेले गेम. अशा एका नावाजलेल्या गेमचे मी सत्तर तास खेळले, आणि त्यांतले निदान चाळीस तास नकाशावरच्या खुणा पुसण्यात गेले असे वही सांगते. त्या गेमला मी वाईट म्हणणार नाही, पण कित्येक महिन्यांच्या रात्री एकाच जगाला देण्याइतके ते जग मला प्रिय नव्हते.

कठीणपणा आपल्या मापाचा करून घ्यावा

गेम जसा दिला आहे तसाच खेळला पाहिजे, सोपा करणे म्हणजे लबाडी, ही समजूत अनेक प्रौढ खेळाडूंच्या मनात घट्ट बसलेली असते. ‘सेलेस्ट’ने माझ्या मनातून ती काढून टाकली. २०१८ सालच्या या गेममध्ये मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढते. प्रत्येक पडदा म्हणजे उड्यांचे एक छोटे कोडे असते, आणि पडले की क्षणार्धात त्याच पडद्याच्या सुरुवातीला उभे राहता येते. कोडी मात्र खरोखर अवघड आहेत. त्यासाठी गेममध्येच ‘असिस्ट मोड’ आहे: गेमचा वेग दहा-दहा टक्क्यांनी निम्म्यापर्यंत उतरवता येतो, कडा धरून ठेवण्याची ताकद अमर्याद करता येते, हवेतली झेप वाढवता येते. मी पहिली तीन प्रकरणे जशीच्या तशी खेळले आणि पुढे वेग ८० टक्क्यांवर आणला. बोटे तीच, कोडे तेच, पण विचार आणि हालचाल यांच्यामध्ये मला श्वास घेण्यापुरती जागा मिळाली, आणि शिखरावर पोहोचल्याचा आनंद तसूभरही कमी झाला नाही. वाटेत ठेवलेल्या स्ट्रॉबेऱ्या गोळा केल्याच पाहिजेत असे नाही. त्या मिळवल्याने कथेची वाट उघडत किंवा बंद होत नाही, हे आधीच कळलेले बरे.

‘हेडीज’मधला ‘गॉड मोड’ याहून विचारपूर्वक रचलेला आहे. तो चालू केल्यावर आपल्याला होणारी इजा २० टक्क्यांनी कमी होते आणि त्यानंतर प्रत्येक मरणागणिक ही सूट दोन टक्क्यांनी वाढत ८० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे जितकी मदत लागते तितकीच मिळते. शिवाय प्रत्येक मरणानंतर आपण घरी परततो आणि तिथली पात्रे काहीतरी नवे बोलतात, त्यामुळे हरलेली रात्रही कथा पुढे नेते. नव्या खेळाडूने हा पर्याय पहिल्या रात्रीच चालू करावा. माझ्या मते ‘हेडीज’चे खरे मोल त्या घरगुती संवादांत आहे, आणि लढाईत अडकून ते ऐकायचेच राहून गेले तर फार चुकल्यासारखे होईल.

इतर सेटिंगांविषयी थोडक्यात. उपशीर्षके नेहमी चालू ठेवावीत आणि अक्षरे मोठी करावीत, कारण रात्री आवाज कमी ठेवावा लागतो. पात्राच्याच डोळ्यांनी दिसणाऱ्या गेममध्ये मळमळत असेल तर ‘मोशन ब्लर’ (हालताना चित्र धूसर होणे) आणि चालताना होणारी डोक्याची डुलणी बंद करावी, ‘फील्ड ऑफ व्ह्यू’, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या दृश्याची रुंदी, थोडे वाढवावे, आणि पहिले काही दिवस पंधरा मिनिटांवर खेळू नये. लॅपटॉप तापत असेल, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, तर फ्रेम रेटवर, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येवर, ६० किंवा ३० ची मर्यादा घालावी. पंख्याचा आवाज उतरतो आणि खेळण्यात फारसा फरक जाणवत नाही. ‘सेलेस्ट’ आणि ‘स्टारड्यू’ तर वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या लॅपटॉपवरही चालतात.

वही ठेवावी

काही गेम बोटांपेक्षा स्मरणशक्तीची परीक्षा घेतात, आणि रोज थोडे थोडे खेळणाऱ्याची खरी कसोटी तिथे लागते. ल्यूकस पोप यांचा २०१८ सालचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा त्यांपैकी एक. ईस्ट इंडिया कंपनीचे एक जहाज १८०७ साली माणसांविना परत आले आहे, आणि विम्याच्या तपासनिसाने त्यावरच्या ६० जणांचे नाव आणि प्रत्येकाचे काय झाले ते शोधायचे आहे. जवळ एक घड्याळ असते. ते मृतदेहाजवळ उघडले की मरणाच्या क्षणाचे आवाज ऐकू येतात आणि मग तो क्षण थिजलेल्या चित्रासारखा भोवती उभा राहतो. सारे दृश्य जुन्या संगणकांसारखे दोनच रंगांत रेखाटलेले आहे. कोणाच्या बोलण्याची ढब कुठली आहे, कोण कोणाच्या शेजारच्या झोळीत झोपतो, कोणाच्या पायात कोणते बूट आहेत, एवढ्यावरून ओळख पटवावी लागते. त्या ताफ्यात भारतीय खलाशीही आहेत, आणि त्यांचे चेहरे समोर आल्यावर मी थोडी जास्त वेळ रेंगाळले. तीन जणांची माहिती अचूक झाली की गेम ती छापील अक्षरांत कायम करतो. ही तीनची अट फार मोलाची आहे, कारण तिच्यामुळे नुसत्या अंदाजाने पुढे सरकता येत नाही आणि प्रत्येक रात्रीला एक नैसर्गिक थांबाही मिळतो.

हा गेम सलग दहा रात्री खेळावा. मध्ये आठवडा गेला तर धागा तुटतो. मी गेम बंद करण्यापूर्वी तीन ओळी लिहिते: आज काय पक्के झाले, कोणाविषयी संशय आहे, आणि उद्या पहिल्यांदा कुठे जायचे. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण दुसऱ्या रात्री पहिली दहा मिनिटे ‘मी इथे का उभी आहे’ या विचारात जात नाहीत.

यानातून ग्रहांवर फिरत शोध घेण्याच्या, २०१९ सालच्या ‘आउटर वाइल्ड्स’लाही हीच वही उपयोगी पडते. २२ मिनिटांनी तिथला सूर्य फुटतो आणि सारे पुन्हा पहिल्या क्षणापासून सुरू होते. या गेममध्ये शस्त्र वाढत नाही की ताकद वाढत नाही. खेळाडूला जे कळले तेवढेच पुढे जाते. यानातली नोंदवही आपण शोधलेल्या गोष्टी जपून ठेवते, पण आपल्या शंका तिच्यात नसतात, त्या आपणच लिहाव्या लागतात. याच्याविषयी आधी काहीही वाचू नये, चित्रफिती पाहू नयेत. दोन फेऱ्या म्हणजे एक रात्र, हे प्रमाण मला योग्य वाटले.

छोट्या गेमचा मान

लांबी म्हणजे पैशाचे मोल, हा हिशेब आमच्यासारख्यांनी सोडून द्यावा. टोरांटोच्या व्हिसाई गेम्सचा २०२३ सालचा ‘वेन्बा’ दोन रात्रींत संपतो. १९८० च्या दशकात कॅनडात गेलेल्या एका तमिळ कुटुंबातली आई वेन्बा आपल्या आईच्या फाटक्या वहीतल्या पाककृती आठवून आठवून पुऱ्या करते, आणि प्रत्येक पाककृती हे एक कोडे असते. इडलीचे कोडे ज्याने घरातले इडलीपात्र रचले आहे त्याला विनासायास सुटेल: वाफ वरपर्यंत जावी म्हणून ताटल्या एकाआड एक फिरवून ठेवायच्या असतात. कोडे सोपे आहे, पण पुढे मुलाच्या तोंडून मागे पडत गेलेली भाषा ज्या रीतीने दाखवली आहे, ती परदेशी राहणाऱ्या मराठी घरांनाही ओळखीची वाटेल. हा गेम शक्यतो घरातल्या कोणासोबत बसून खेळावा.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० साली आला, आणि आपल्याकडच्या शिल्पांचे, भित्तिचित्रांचे, वाड्यांच्या कमानींचे जग इतक्या मनापासून पडद्यावर आलेले मी पूर्वी पाहिले नव्हते. असुरांनी पळवून नेलेल्या भावाला, गोलूला, शोधत निघालेल्या राजीची ही गोष्ट दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादांतून उलगडते. लढाईची बटणे हाताला बसायला पहिली रात्र जाते, म्हणून पहिल्या रात्रीवरून मत बनवू नये; दुसऱ्या रात्री भिंतींवरच्या चित्रांपाशी थांबून त्यांच्या कथा पूर्ण ऐकाव्यात. पाच-सहा तासांचा हा गेम आठवड्याभरात होतो. संपल्यावर तो आणखी हवा होता असे वाटले, आणि वहीत मी तसेच लिहिले.

खंड पडल्यावर परत कसे यावे

परीक्षा, लग्न, आजारपण यांत महिना सहज निघून जातो. परतल्यावर जुन्या जागेवरून थेट पुढे जाऊ नये. पहिली रात्र केवळ हात बसवण्यासाठी ठेवावी: ‘सेलेस्ट’चे एखादे आधीचे प्रकरण, ‘स्टारड्यू’मधला पेरणी नसलेला एक दिवस, ‘हेडीज’चा एक निष्फळ प्रयत्न. त्यानंतर वहीतल्या शेवटच्या तीन ओळी वाचाव्यात. त्या वाचूनही पुढे काय होईल याची उत्सुकता जागी झाली नाही, तर गेम मोकळ्या मनाने काढून टाकावा आणि वहीत तारखेपुढे ‘इथे सोडला’ असे लिहावे. माझ्या वहीत असे चार गेम आहेत. त्यांतल्या एकाकडे मी आठ महिन्यांनी परत गेले, अगदी पहिल्यापासून सुरू केला, आणि सध्या रोज रात्री तोच खेळते आहे.