रडणारं बाळ आणि पुढे आलेले हात : नको असलेली मदत कशी थोपवावी

बाळ रडायला लागलं की आधी सल्ला येतो आणि पाठोपाठ हात. "दे इकडे, मी बघते." वाक्य पुरं होईपर्यंत समोरच्याची बोटं बाळाच्या काखेत गेलेलीही असतात. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. तान्ह्याचं रडणं ऐकवत नाही आणि नुसतं बसवत नाही, म्हणून माणूस उठतो. म्हणजे शांत करायला इथे दोघं असतात, एक बाळ आणि एक मदतनीस. बाळ तुम्ही सांभाळा आणि मदतनिसाच्या हाताला दुसरं काम द्या. ते कसं, हे पुढे पायरीपायरीने सांगितलंय.

१. रडण्याची माहिती आधीच करून घ्या

ही तयारी बाळ झोपलेलं असताना करायची. बहुतेक बाळांचं रडणं जन्मानंतर दोनेक आठवड्यांनी वाढू लागतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. संध्याकाळी ते जास्त असतं. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, तरीही बाळ तासभर टाहो फोडू शकतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली अशा रडण्याची व्याख्या केली होती : दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ. डॉक्टर 'कॉलिक' म्हणतात ते हेच. एवढं ठाऊक असलं की "तुझंच काहीतरी चुकतंय" हे वाक्य फारसं लागत नाही.

त्याच वेळी धोक्याच्या खुणाही पाठ करून ठेवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप, हिरवी उलटी, दूध न ओढणं, मलूल पडणं, श्वासाला त्रास, फुगलेली टाळू, नेहमीपेक्षा वेगळंच किंचाळून रडणं. यातलं काहीही दिसलं तर घरातल्या कुणाचंच मत विचारात न घेता डॉक्टर गाठा.

२. 'नाहीच' आणि 'चालेल' अशा दोन याद्या करा

'नाहीच'ची यादी छोटी हवी आणि ती बाळाच्या जिवाशी संबंधित असावी. बाळाला जोरात हलवणं, गदागदा झुलवणं नाही. त्याने मेंदूला इजा होते. वर्षाच्या आत मध नाही, बोटावरचा थेंबसुद्धा नाही, कारण त्यातून बॉट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. सहा महिन्यांच्या आत दुधाखेरीज पाणीदेखील नाही, आणि डॉक्टरांनी न सांगितलेले थेंब तर नाहीतच. झोपवायचं ते पाठीवर, उशी आणि जाड पांघरूण न घालता. सर्दी-खोकला झालेल्या किंवा ओठावर फोड आलेल्या माणसाने मुके घ्यायचे नाहीत. हात धुतल्याशिवाय बाळ घ्यायचं नाही.

बाकी सगळं 'चालेल'मध्ये ढकला. बेसूर गाणं, कानाशी वाजवलेला खुळखुळा, तुम्हाला न आवडणारी धरण्याची पद्धत, हे सगळं चालेल. मोज्यांवरून वाद घालण्यात शक्ती घालवलीत तर मधाच्या वेळी तुमचं कुणी ऐकणार नाही.

३. बोलायचं कुणी, ते ठरवा

ज्याची माणसं, त्याने बोलावं. नवऱ्याच्या आईला नवऱ्याने सांगायचं, बायकोच्या मावशीला बायकोने. हे आपसात ठरलेलं नसलं की एक जण खोलीत बाळ घेऊन घामाघूम होतो आणि दुसरा बाहेर "घेऊ दे ना त्यांना, एवढं काय" म्हणतो. तिथेच सगळं बिघडतं.

बाबांसाठी वेगळं सांगायला हवं. बापाच्या कडेवर बाळ रडलं की त्याची 'सुटका' करायला अख्खं घर धावतं. त्या वेळी आईने एवढंच म्हणावं, "बघतोय ना तो." बाकी कशाची गरज नाही.

४. प्रत्यक्ष त्या क्षणी

आता मुख्य भाग. बाळ रडतंय, समोरून हात पुढे आलेत. आधी तुमचं शरीर बोलू द्या. बाळाला उभं छातीशी घ्या, एक हात मानेमागे, दुसरा ढुंगणाखाली. खांदा किंचित वळवा म्हणजे बाळाची पाठ समोरच्यापासून लांब जाईल. आणि चालायला लागा.

चालण्याचे दोन फायदे. चालत्या माणसाच्या हातून बाळ सहसा कुणी काढून घेत नाही, हा पहिला. दुसरा बाळाचा : जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं सलग चाललं की अनेक बाळं शांत होतात, काही झोपतातही. झोपलेल्या बाळाला लगेच खाली न ठेवता पाच ते आठ मिनिटं घेऊन बसावं, असंही त्यांनी सुचवलं. हातोहात फिरणाऱ्या बाळाला नेमकी हीच पाच मिनिटं कधी मिळत नाहीत. एक झुलवतो, दुसरी थोपटते, तिसरा दिवा लावून टाळ्या वाजवतो. मिनिटा-मिनिटाला नवा वास, नवा आवाज. मग सगळे म्हणतात, आज काही केल्या राहत नाहीये.

चालता चालता एकच वाक्य बोला. "आत्ता माझ्याकडेच असू दे." आवाज नेहमीचा, चेहरा हसरा असला तर उत्तमच. कारण सांगू नका. कारण दिलं की त्याला उत्तर येतं :

"नुकतंच पाजलंय."
"मग पोटात दुखत असेल."
"ढेकर काढलाय."
"मग उकडत असेल. दे, मी बाहेर नेते."

कारणं संपतात, उत्तरं संपत नाहीत. "आत्ता माझ्याकडेच असू दे" याला मात्र उत्तर नाही. फार तर ते पुन्हा म्हणतील, मग तुम्हीही तेच वाक्य, त्याच सुरात पुन्हा म्हणा.

आणि त्याला जोडूनच काम सांगा. "आई, तेवढी खिडकी लाव ना." "काकू, ते कपाटातलं धुतलेलं दुपटं द्याल का?" "मामा, दिवा जरा मंद करता?" काम खरं असावं, लगेच होणारं असावं आणि बाळापासून चार पावलं लांब नेणारं असावं. नुसतं "नको" ऐकलेला माणूस तिथेच उभा राहून उसासे टाकतो. दुपटं आणून दिलेल्याला वाटतं, आपणही काहीतरी केलं. तेही खोटं नसतं.

५. बाळ आधीच दुसऱ्याच्या हातात गेलं असेल तर

हिसकावू नका आणि "देता का?" असंही विचारू नका. विचारलंत की "थांब, आता होईल शांत" हे ठरलेलंच. अगदी जवळ जा, दोन्ही हात बाळाखाली सरकवा आणि म्हणा, "घेते हं आता." हात खाली गेले की समोरचा माणूस आपसूक सैल सोडतो. पाजण्याचं निमित्त काढणं पाहुण्यांसमोर ठीक आहे. घरातल्यांसमोर सारखं वापरलं तर "सारखं काय पाजतेस" हा नवा विषय निघतो.

६. सल्ल्यांना उत्तर

बहुतेक सल्ल्यांना "बरं, बघते" पुरतं. दोन सल्ले मात्र जिव्हारी लागतात.

"दूध पुरत नाहीये तुझं." यावर भावनेने बोलू नका, हिशेबाने बोला. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत साधारण सहा किंवा जास्त ओले लंगोट आणि नीट वाढणारं वजन ही दूध पुरत असल्याची खूण. "वजन वाढतंय, डॉक्टरांनी बघितलंय," एवढं म्हणून विषय बदला. ही आकडेवारी तशी नसेल, तर मात्र सल्ला देणाऱ्यावर चिडण्याऐवजी डॉक्टरांकडे जा.

"उचलू नको, हातावरची सवय लागेल." १९८६ साली हन्झिकर आणि बार या संशोधकांनी काही आयांना बाळाला रोज जास्त वेळ घेऊन फिरायला सांगितलं. सहाव्या आठवड्यात ती बाळं इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. पुढच्या अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही हे खरं. पण उचलल्याने रडणं वाढतं, या म्हणण्याला त्यातून आधार मिळत नाही. हे सगळं समोरच्याला ऐकवायची गरज नाही. तुम्हाला ठाऊक असलं म्हणजे झालं.

७. परकी माणसं

प्रवासात, रांगेत, दवाखान्याच्या बाकावर. इथे नातं टिकवायचं नसतं, त्यामुळे सोपं आहे. "ठीक आहोत आम्ही," म्हणा आणि पाठ फिरवा. कुणी न विचारता हात लावला तर एक पाऊल मागे सरकून "हात लावू नका प्लीज" हे मोठ्याने म्हणण्यात काही गैर नाही.

८. रोजच्याच माणसाशी नंतर बोला

रडण्याच्या गदारोळात कुणाला काही समजावता येत नाही. दुसऱ्या दिवशी, चहा पिताना, बाळ हसतं-खेळतं असताना बोला. "रडतं तेव्हा मलाच शांत करू दे, म्हणजे मलाही जमेल. सकाळी अंघोळीनंतर मात्र तासभर तुझ्याकडे." बाळ फक्त रडताना हातात येत असेल, तर माणूस रडण्याचीच वाट बघतो, त्यामुळे प्रसन्न वेळेतला त्यांचा हक्काचा तास खरंच द्या, आणि त्या तासात डोकावू नका.

९. मदत हवीच असेल तेव्हा

कधी कधी तुम्हीच थकलेले असता. हात थरथरतात, बाळाच्या आवाजाने डोक्यात तिडीक जाते, क्षणभर त्याचा रागही येतो. त्या वेळी वरच्या सगळ्या पायऱ्या बाजूला ठेवा आणि घरातल्या भरवशाच्या माणसाकडे बाळ द्या. "अर्धा तास घे. रडलं तरी चालेल, फक्त जोरात हलवू नकोस," हे स्पष्ट सांगा आणि खोलीबाहेर जा. घरात कुणीच नसेल तर बाळाला पाळण्यात पाठीवर झोपवा, आजूबाजूला काही नाही ना ते बघा, दार लोटा आणि पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत बसा. तोंडावर पाणी मारा, कुणाला तरी फोन लावा. मग परत जाऊन बाळाला बघा.