रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पालेभाजीचा हिशोब कॅलेंडरवर ठेवा

आईला वॉरफरिन चालू आहे, आणि दर हिवाळ्यात मेथी-पालक स्वस्त झाले की तिचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) खाली येतो आणि मग आपण डोकं खाजवत बसतो की गोळी तर रोज घेतली मग झालं काय. हिरव्या पाल्यातलं व्हिटॅमिन के गोळीच्या उलट काम करतं, म्हणून पाला बंद नाही करायचा, आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवायचं.

आम्ही आता असं करतो:

१. पालक, मेथी, अळू, चवळी काहीही झालं की कॅलेंडरच्या त्या तारखेवर हिरव्या पेनाने टिक.
२. आठवड्याला तीन टिक, मग तीनच, जुडी दहाला मिळाली तरी.
३. रिपोर्टचा आकडा त्याच चौकोनात, लाल पेनाने. डॉक्टरांना पानाचा फोटो दाखवला की दोन मिनिटात विषय संपतो.

ग्रीन टी रोजचा एक-दोन कप असेल तर सहसा अडत नाही, कारण गाळलेल्या चहात के फार कमी उतरतं, पण दिवसभर थर्मास भरून पिणं किंवा माचा (ग्रीन टीच्या पानांची पूड, त्यात अख्खं पान पोटात जातं) स्वतःच्या मनाने सुरू करू नका, आणि रोजचा असेल तर एकदम सोडूही नका. ॲसिट्रोम या वॉरफरिनसारख्याच गोळीलाही हेच सगळं लागू. ॲपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांना पालेभाजीचं हे बंधन नाही.

आकडा वर-खाली दिसला म्हणून डोस आपला आपण बदलायचा नाही, आणि हिरड्यांतून रक्त किंवा काळी शी दिसली तर लगेच डॉक्टर.