दात्याचे यकृत यंत्रावर ठेवताना

प्रत्यारोपणासाठी बर्फात ठेवलेल्या यकृताची चयापचय क्रिया मंदावते, थांबत नाही. शिवाय ते यकृत पुढे काम करील की नाही, हे पेटी उघडून पाहिले तरी कळत नाही. ३७ अंश सेल्सिअसला प्राणवायूयुक्त रक्त खेळवणारे यंत्र यकृत टिकवते आणि त्याची परीक्षाही घेते. ही परीक्षा नीट वाचता यावी, हाच पुढील सूचनांचा हेतू आहे.

यश बरेचसे टेबलावरच्या तयारीत ठरते. यकृत थंड असतानाच यकृत धमनी, पोर्टल व्हेन (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर), अधोमहाशिरा (यकृतातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) आणि पित्तनलिका यांत कॅन्युला (जोडणीच्या बारीक नळ्या) बसवाव्यात, पित्ताशयाची नळी बांधावी आणि धमनीची एखादी शाखा वेगळ्या ठिकाणाहून येत असल्यास तिची जोडणी आधीच करून घ्यावी. बारीक फांद्या शोधून बांधण्यात वेळ गेला तरी चालेल, कारण इथे दुर्लक्षित राहिलेली फांदी यंत्रावर तासन्‌तास गळत राहते.

यंत्रात यकृताच्या रक्तगटाशी जुळणाऱ्या लाल पेशी भरून त्यांत रक्त गोठू न देणारे हेपॅरिन, प्रतिजैविक, कॅल्शियम व बायकार्बोनेट मिसळावे. इन्सुलिन, पित्तक्षार, रक्तवाहिन्या सैलावणारे प्रोस्टासायक्लिन आणि पोषक द्रव्ये पुढे थेंबाथेंबाने चालू राहतात. जोडणीपूर्वी यकृतातले थंड द्रावण धुऊन काढावे, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असू शकते. नळ्यांत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. थंड द्रावण आणि बर्फ मात्र शेवटपर्यंत हाताशी असावेत: ३७ अंशांवर प्रवाह थांबला, तर होणारी हानी बर्फातल्यापेक्षा कितीतरी वेगवान असते.

त्यानंतर ठरावीक अंतराने नमुने तपासावेत. पहिल्या काही तासांत लॅक्टेट (काम करणारे यकृत रक्तातून काढून टाकते तो पदार्थ) लिटरमागे २.५ मिलिमोलच्या खाली येणे, धमनी व पोर्टल व्हेनमधला प्रवाह स्थिर राहणे आणि पित्त तयार होणे ही चांगली लक्षणे होत. परंतु केवळ लॅक्टेटवर विसंबणे माझ्या मते धोक्याचे आहे, कारण यकृताच्या पेशी शाबूत असल्या तरी पित्तनलिका आतून खराब झालेल्या असू शकतात. ब्रिटनमधील २०२० च्या एका अभ्यासात सर्व केंद्रांनी नाकारलेल्या ३१ यकृतांपैकी २२ यंत्रावरील तपासणीनंतर बसवता आली आणि ९० दिवसांनी सर्व रुग्ण जिवंत होते. तरीही पित्तनलिका अरुंद झाल्याने चौघांना पुन्हा प्रत्यारोपण लागले. म्हणून पित्ताचा पीएच पाहावा, तो ७.५ च्या वर असल्यास नलिकांबद्दल बराच दिलासा मिळतो. हृदयक्रिया थांबल्यानंतर काढलेल्या यकृतांना या नलिकांचा धोका अधिक असतो. तेथे सुमारे १० अंशांवर दोन तास प्राणवायूयुक्त थंड द्रावण खेळवण्याची पद्धतही विचारात घ्यावी. २०२१ च्या चाचणीत तिने नलिका अरुंद होण्याचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले.

रुग्णाचे जुने यकृत काढण्याच्या अगदी बेतात आल्याशिवाय यंत्र थांबवू नये. थांबवताच यकृत थंड द्रावणाने धुऊन, कॅन्युला काढून लगेच शस्त्रक्रियेच्या टेबलावर द्यावे.