रोबोकॉनची तयारी करताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गेल्या वर्षीचे नियम डोक्यात ठेवून यंदाचा रोबोट बांधायला घेणं. एबीयू रोबोकॉन ही कॉलेजच्या संघांची आंतरराष्ट्रीय रोबोट स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली, तेव्हापासून यजमान देश दरवर्षी नवा खेळ ठरवतो. २००८ला पुण्यात गोविंदा होता, २०२२ला दिल्लीत लगोरी. फक्त खेळच बदलत नाही. २०१६ला बँकॉकमध्ये इको रोबोटला पुढे जायला स्वतःची मोटर लावायचीच नव्हती, दुसऱ्या रोबोटने स्पर्श न करता त्याला चालवायचं होतं. २०१७ला एकच रोबोट. २०१८ला पुन्हा दोन.

तरीही मुलं "बेस तयार आहे सर, फक्त वरचं बदलायचंय" म्हणत माझ्याकडे येतात. २०१९ला उलानबातरच्या खेळात दुसरा रोबोट चार पायांवर चालणारा हवा होता. सल्ल्याला आलेल्या एका संघाने रूलबुक उघडलंच नव्हतं. सीनियरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला सारांश वाचला होता. त्यात "चार पाय" एवढंच. मुलांनी जुन्या बेसला चार पाय जोडले आणि पायांखाली चाकं बसवली. सपाट फरशीवर रोबोट झकास पळाला. पण चाकांवर पळणं म्हणजे चालणं नव्हे. शिवाय मैदानात वाळूच्या टेकडीची पायरी आणि गवत म्हणून ताणलेल्या दोऱ्या ओलांडायच्या होत्या. पाय उचलण्याची यंत्रणाच नव्हती, सगळं उतरवावं लागलं. हुशार, राबणारी पोरं होती ती. एक दुपार वाचनाला दिली असती तर महिने वाचले असते.

माझी सवय सांगतो. रूलबुक छापायचं, एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी खुणा करायच्या. तो दिवस संपेपर्यंत कॅड, म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर, उघडू देत नाही. मुलं कुरकुरतात, कुरकुरू देत.

एफएक्यू, म्हणजे आयोजकांनी दिलेली शंकांची उत्तरं, न वाचणं ही दुसरी चूक. नियमांचे खुलासे नंतरही येत राहतात. प्रत्येक खुलासा छापून त्या-त्या नियमाच्या पानावर चिकटवा.

रोबोटच्या वजनमर्यादेत बॅटरी आणि कंट्रोलर धरलेत का, ते वाचल्याशिवाय अ‍ॅल्युमिनियम कापू नका.

जिंकलेल्या संघाचा व्हिडिओ बघून यंत्रणा उचलू नका. ती त्या वर्षीच्या मैदानासाठी होती.

स्वयंचलित रोबोटचा कोड शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. रिमोट हातात असला की सगळं जमतंय असं वाटतं, म्हणून मी आधी रिमोट काढून घेतो.