खाणीच्या डंपवरची खारवट जमीन सुधारताना: आधी निचरा, मग जिप्सम, शेवटी पाणी

डंप, म्हणजे खाणीतून काढलेल्या मातीदगडांचा ढीग, सपाट करायचा, वर वीतभर माती पसरायची, रोपे लावायची. पहिल्या पावसाळ्यात सगळे हिरवे दिसते आणि उन्हाळ्यात पृष्ठभाग पांढरा पडतो. खालच्या भरावातले क्षार बाष्पीभवनाबरोबर वर आलेले असतात. असा थर दिसला की भरपूर पाणी सोडून तो धुऊन काढायचा मोह होतो. मातीत नुसते मीठ असेल तर त्याने काम होते. सोडियम जास्त असेल तर मात्र याच उपायाने जमीन दगडासारखी होते. मीठ निघून जाते, सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटून राहतो, कण एकमेकांपासून सुटतात आणि छिद्रे बुजतात. कणांवरच्या सोडियमची जागा कॅल्शियमने घ्यावी म्हणून जिप्सम घालतात, पण त्यानंतर घातलेले जिप्समही खाली उतरत नाही. म्हणून धुण्याआधी तपासणी.

नमुने आणि चाचण्या

डंपमध्ये दहा पावलांवर माल बदलतो, त्यामुळे शेतासारखे चार-पाच खड्डे पुरत नाहीत. साधारण ५० मीटरच्या चौकटीने, म्हणजे हेक्टरी ४ ठिकाणी, ०–१५, १५–३०, ३०–६० आणि ६०–१०० सेंमी खोलीचे नमुने वेगवेगळे घ्या. एका खोलीचा नमुना दुसऱ्यात मिसळू नका. क्षार कुठल्या थरात आहेत हे कळणे हाच या कामाचा हेतू आहे. २ मिमीच्या चाळणीवर उरलेल्या दगडगोट्यांचे वजनही लिहून ठेवा, पुढच्या हिशेबात ते लागते.

संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, विद्युत वाहकता (ईसी) ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर असेल तर माती क्षारयुक्त. विनिमययोग्य सोडियम, म्हणजे चिकणमातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, १५ टक्क्यांच्या वर किंवा एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती ते सांगणारे गुणोत्तर) १३ च्या वर असेल तर चोपण. दोन्ही असेल तर क्षारयुक्त-चोपण, आणि ही सर्वांत फसवी, कारण मीठ आहे तोवर ती भुसभुशीत दिसते. प्रयोगशाळेने एक भाग मातीला पाच भाग पाणी घेऊन ईसी मोजली असेल तर तो आकडा थेट ४ शी ताडू नका. संपृक्त अर्काचा अंदाज घेण्यासाठी वाळूसारख्या मातीत त्याला सुमारे १४ ने, मध्यम पोयट्यात ९ ते १० ने आणि भारी चिकणमातीत सुमारे ६ ने गुणावे लागते.

जागेवर करायची एक सोपी चाचणी आहे. ५ मिमीचे कोरडे ढेकूळ डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. २ तासांनी आणि २० तासांनी पाहा. ढेकूळ नुसते फुटले आणि पाणी नितळ राहिले तर सेंद्रिय घटक कमी आहेत. भोवती दुधी ढग पसरला तर सोडियमचा त्रास आहे. पण पाणी नितळ आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. मिठाचे प्रमाण जास्त असले की ते कणांना धरून ठेवते आणि ढग दिसत नाही. अशा वेळी एसएआरचा आकडाच खरा.

सामू (पीएच) ५.५ च्या खाली असेल आणि थरात पिवळट छटा दिसत असेल, तर भरावात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, असण्याची शक्यता धरा. हवा आणि पाणी लागले की पायराइटपासून आम्ल आणि सल्फेट क्षार तयार होत राहतात, म्हणून एकदा धुऊन हे क्षार संपत नाहीत. असा माल उदासीन करायला त्यातल्या प्रत्येक १ टक्का पायराइटी गंधकामागे १००० टनाला सुमारे ३१ टन चुनखडी लागते. हेक्टरी १५ सेंमीच्या थराचे वजन सुमारे २००० टन धरले तर एवढ्यालाच ६२ टन चुनखडी झाली. म्हणून असा माल वरच्या थरात येऊच देऊ नये. डंप रचतानाच वेगळा काढून मुळांच्या कक्षेखाली खोल पुरणे स्वस्त पडते. जिप्समने आम्लता कमी होत नाही, तिथे चुनाच लागतो.

निचरा

डंपर आणि डोझरच्या वजनाने भराव घट्ट बसलेला असतो. वरची माती पसरण्याआधी, भराव कोरडा असताना, ट्रॅक्टर किंवा डोझरच्या रिपरने (खोल जाणाऱ्या फाळाने) ५० ते १०० सेंमी खोल फोडा. दोन फाळ्यांतले अंतर साधारण खोलीइतके ठेवा आणि दुसरा फेरा आडवा मारा. ओल्या भरावात रिपर नुसती चीर पाडतो, कडेची माती लिंपली जाते आणि चीर बंद होते. माती पसरल्यावर खोल फोडाल तर खालचा खारा माल वर येईल.

भराव फारच खारा किंवा चोपण असेल तर माती आणि भराव यांच्यामध्ये ३० ते ५० सेंमी जाड, बारीक माल नसलेल्या दगडांचा थर द्या. त्यामुळे केशाकर्षणाने वर चढणारे खारे पाणी तुटते. दगड टिकाऊ असावा. शेल या मऊ, थरांच्या खडकाचे तुकडे काही वर्षांत विरघळल्यासारखे होऊन चिकणमाती बनतात आणि हा थर निरुपयोगी होतो. त्यावरची माती चोपण भरावावर ६० सेंमी ते १ मीटर हवी, चांगल्या भरावावर ३० सेंमी चालते.

उताराच्या पायथ्याला चर खणा आणि झिरपलेले पाणी टाकीत किंवा तळ्यात गोळा करा. क्षार तिथेच साठतात, त्यामुळे ते पाणी तपासल्याशिवाय ओढ्यात सोडू नका.

जिप्समचा हिशेब

समजा मातीची कॅटायन विनिमय क्षमता, म्हणजे कॅल्शियम, सोडियम असे धनभारित आयन कणांवर धरून ठेवण्याची क्षमता, १०० ग्रॅममागे २० मिलिइक्विव्हॅलंट (हे मोजण्याचे एकक) आहे. त्यात विनिमययोग्य सोडियम २५ टक्के आहे आणि तो १० वर आणायचा आहे. काढायचा सोडियम २० च्या १५ टक्के, म्हणजे ३ मिलिइक्विव्हॅलंट. १५ सेंमी खोलीसाठी दर मिलिइक्विव्हॅलंटला हेक्टरी १.७ टन शुद्ध जिप्सम लागते, म्हणजे ५.१ टन. जिप्सम ८० टक्के शुद्ध असेल तर ६.४ टन. सगळे काही कामी येत नाही, म्हणून सव्वापट धरा: ८ टन. मातीत ४० टक्के दगडगोटे असतील तर बारीक मातीच ६० टक्के आहे, तेव्हा सुमारे ४.८ टन पुरेल. दगडांमुळे घनता जास्त असते, त्यामुळे जागेवर मोजलेली घनता वापराल तर आकडा नेमका येईल. हा दगडांचा गुणक राहिला की जिप्सम दीडपटीहून अधिक मागवले जाते.

बारीक दळलेले जिप्सम वरच्या १०–१५ सेंमीत मिसळा, खोल गाडू नका. एका लिटर पाण्यात जेमतेम २.५ ग्रॅम विरघळते. ५ टनाला त्या हिशेबाने सुमारे २० सेंमी पाणी लागेल. प्रत्यक्षात सोडियमशी अदलाबदल होत असल्याने थोडे कमी पुरते. जिप्सममुळे ईसी २ च्या आसपास वाढलेली दिसते, त्याने घाबरू नका.

धुणे

साठवलेल्या पाण्याखाली जितक्या खोलीची माती धुवायची तितक्या उंचीचे पाणी झिरपले, तर त्यातले सुमारे ८० टक्के क्षार निघतात. डंपवर मात्र पाणी साठवू नका. सुटणाऱ्या चिकणमातीत ते बिळे पाडत खाली जाते आणि कडेचा उतार ढासळतो. तुषार सिंचनाने थोडे-थोडे, मधे वाळू देत पाणी द्या. पाणी कमी लागते आणि क्षारही चांगले निघतात. खाणीतलेच पाणी वापरणार असाल तर त्याची ईसी आणि एसएआर पाहा. पाण्याचा सोडियम जास्त असेल तर जिप्सम घालून न घातल्यासारखे होईल.

लागवड

पहिल्या हंगामात झाडांपेक्षा गवत बरे. हराळी सुमारे ६.९ आणि बार्ली ८ पर्यंतची ईसी उत्पादन न घटता सोसते. घेवड्याला १ च्या वर गेलेलेही सोसत नाही. धैंचा हिरवळीसाठी चांगला. विलायती बाभूळ खाऱ्या जमिनीत सहज येते, म्हणूनच लावू नका, नंतर ती आवरत नाही. वरंबे केले तर क्षार माथ्यावर जमतात, म्हणून बी माथ्यावर न लावता सरीत किंवा वरंब्याच्या बगलेला लावा. हेक्टरी ५ ते ८ टन पेंढ्याचे आच्छादन बाष्पीभवन रोखते. कोंबडखत आणि कंपोस्टची ईसी आधी मोजून घ्या, कित्येकदा तेच खारट असतात. पालाशासाठी म्युरिएट ऑफ पोटॅश टाळा, त्यातून क्लोराइड येते.

दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच ठिकाणी, त्याच खोलीला ईसी घ्या. वरच्या ३० सेंमीत ती घटत असेल पण ६० सेंमीला वाढत असेल तर क्षार खाली सरकत आहेत, ठीक आहे. उलट दिसले तर भूजल वर आले आहे का ते नळी बसवून पाहा. दीड-दोन मीटरच्या आत खारे पाणी असेल तर वर कितीही जिप्सम घाला, आधी चर खोल करावा लागेल.