सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केल्यावर मागे राहिलेल्या फाईल्स कशा काढायच्या (आणि त्याआधी बॅकअप कसा घ्यायचा)

अनइन्स्टॉल केलं की सॉफ्टवेअर मुळासकट गेलं असं आपण धरून चालतो, पण तसं होत नाही. अनइन्स्टॉलर साधारणपणे त्याने स्वतः टाकलेल्या फाईल्स उचलतो, नंतर वापरताना जे तयार झालं, म्हणजे सेटिंग्ज, कॅशे (तात्पुरता साठवलेला डेटा), लॉग (कामाच्या नोंदी) वगैरे, ते बऱ्याचदा तिथंच पडून राहतं. कधीकधी ते मुद्दाम ठेवलेलं असतं, उद्या तेच सॉफ्टवेअर परत टाकलंत तर जुनी सेटिंग्ज मिळावीत म्हणून. म्हणजे उरलंय ते सगळंच कचरा नसतं, त्यात तुमचं कामही असू शकतं. मी एकदा एका कंपनीच्या नावाचा फोल्डर शिफ्ट डिलीट मारून उडवला, नंतर कळलं की त्यांच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरचे माझे टेम्प्लेट्स त्यातच होते, आणि शिफ्ट डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये पण जात नाही.

म्हणून आधी बॅकअप. (खालचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.)

डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो हे सगळे घेतातच, विसरतात तो अ‍ॅपडेटा फोल्डर. सी ड्राइव्हमध्ये युझर्स, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, त्यात हा लपलेला असतो, एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूतून हिडन आयटम्स चालू केलं की दिसतो. ब्राउझरचे बुकमार्क, मेल प्रोग्रामची प्रोफाइल, काही गेम्सचे सेव्ह असलं बरंच काही इथं असतं. सगळे प्रोग्राम बंद करून कॉपी करा, तरी एखादी फाईल वापरात आहे म्हणून अडली तर स्किप करा.

कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. डी ड्राइव्हवर टाकून मोकळे होऊ नका, सी आणि डी बऱ्याचदा एकाच डिस्कचे दोन भाग असतात, डिस्क गेली की दोन्ही गेले. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये (फाईल्स साठवायची एक जुनी पद्धत) फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाईल त्यावर जाणारच नाही, तो आधी रिकामा करून एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करून घ्या. आणि क्लाउडवर सिंक चालू आहे म्हणून निवांत राहू नका, इथं डिलीट केलं की तिथूनही डिलीट होतं. कॉपी झाल्यावर त्या डिस्कवरून दोन-चार फाईल्स उघडून बघा, हे कुणीच करत नाही.

मग रिस्टोअर पॉइंट. स्टार्टमध्ये क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट असं इंग्रजीत टाईप करा, सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन ऑफ दिसलं तर कॉन्फिगरमध्ये जाऊन ऑन करा, मग क्रिएट. यात सिस्टिम फाईल्स, रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्राम आपली सेटिंग्ज जिथं नोंदवतात ती जागा) आणि प्रोग्राम परत मागे नेता येतात, तुमचे फोटो आणि डॉक्युमेंट्स यातून परत मिळत नाहीत, त्यामुळे याला बॅकअप समजू नका.

आता सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्समधून नेहमीसारखं अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट मारा. काही फाईल्स रीस्टार्टलाच जातात, त्याआधी शोधाशोध करणं म्हणजे फुकटची मेहनत. अँटीव्हायरस असेल तर बऱ्याच कंपन्या काढण्यासाठी वेगळं टूल देतात, तेच वापरा, ते फार खोलवर बसलेले असतात.

नंतर या जागा बघायच्या: दोन्ही प्रोग्राम फाईल्स फोल्डर, प्रोग्रामडेटा (हाही लपलेला असतो), आणि अ‍ॅपडेटातले लोकल, लोकललो, रोमिंग. सॉफ्टवेअरचं नाव आणि कंपनीचं नाव दोन्हीने शोधा. फोल्डर सापडला की लगेच डिलीट करू नका, नावापुढे _जुनं लावून ठेवा. म्हणजे कुठलं दुसरं सॉफ्टवेअर त्याच्यावर अवलंबून असेल तर ते बोंब मारेल, मग नाव पूर्ववत केलं की झालं. आठवडाभर काही झालं नाही तर मग उडवा.

कॉमन फाईल्स फोल्डरला हात लावू नका, ते अनेक सॉफ्टवेअर मिळून वापरतात. तसंच विंडोज फोल्डरमधले इन्स्टॉलर आणि विनएसएक्सएस नावाचे फोल्डर कितीही मोठे दिसले तरी सोडून द्या, इन्स्टॉलर रिकामा केलात तर बाकीची सॉफ्टवेअर नंतर नीट अपडेट किंवा अनइन्स्टॉल होत नाहीत.

रजिस्ट्रीचं माझं मत विचाराल तर गरज नसेल तर जाऊच नका. तिथल्या उरलेल्या नोंदींनी जागाही अडत नाही आणि त्या काढून पीसी पळायला लागत नाही. तेच सॉफ्टवेअर परत टाकताना अडत असेल तरच रेजएडिट (रजिस्ट्री बघायचा विंडोजचाच प्रोग्राम) उघडा, करंट युझर आणि लोकल मशीन दोन्हींच्या ‘सॉफ्टवेअर’ नावाच्या ‘की’मध्ये (की म्हणजे रजिस्ट्रीतला फोल्डर) बघा, सापडलेल्या ‘की’वर राइट क्लिक करून आधी एक्सपोर्ट करा, मगच डिलीट. एका क्लिकवाले रजिस्ट्री क्लीनर नकोच, मायक्रोसॉफ्ट स्वतः त्यांना सपोर्ट करत नाही.

पीसी चालू केल्यावर अमुक फाईल सापडत नाही असा मेसेज येत असेल तर मात्र टास्क मॅनेजरचं स्टार्टअप आणि टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) बघा, काढलेल्या सॉफ्टवेअरचा अपडेटर तिथं अजून नाव लावून बसलेला असतो. आधी डिसेबल करा, दोन-तीन रीस्टार्ट नीट गेले की टास्क शेड्युलरमधली नोंद डिलीट. बाहेरच्या डिस्कवरची कॉपी निदान महिनाभर तरी तशीच राहू द्या.