टॉक्सिनवर आळ घेण्याआधी: रोगप्रतिकारक पेशींच्या प्रयोगांत या चुका टाळा

एलायझाच्या (रंगावरून प्रोटीन मोजायच्या चाचणीच्या) प्लेटमध्ये शेवटचं स्टॉप सोल्युशन टाकलं आणि जिवाणूचं टॉक्सिन, म्हणजे विषारी प्रोटीन, दिलेल्या पेशींच्या सगळ्या वेल (प्लेटमधले खळगे) गडद पिवळ्या झाल्या. म्हणजे माणसाच्या रक्तातून काढलेल्या मोनोसाइटनी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींनी) भरपूर टीएनएफ, म्हणजे दाह पेटवणारं प्रोटीन, सोडलं होतं. शेजारच्या रांगेत तेच टॉक्सिन उकळून दिलं होतं. तीही तितकीच पिवळी! मी वहीत लिहिलं, ‘टॉक्सिन उष्णतेला दाद देत नाही.’ मॅडमनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, ‘प्रोटीन कशात बनवलंस?’

ई. कोलाय या जिवाणूमध्ये. त्या एका उत्तराने चार महिन्यांचं काम बाद झालं.

ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणातलं लायपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस, प्रोटीनला चिकटून सोबत येतं. मिलिलिटरमागे शंभर पिकोग्रॅम एलपीएससुद्धा मोनोसाइटला पुरतं. पेशीवरच्या टीएलआर-४ या रिसेप्टरमार्फत एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रोटीन जागं होतं आणि टीएनएफ बाहेर पडतं. उकळल्यावर प्रोटीनची घडी मोडते, पण एलपीएस जवळजवळ तसंच राहतं. त्यामुळे उकळूनही परिणाम टिकला, तर पहिला संशय एलपीएसवर घ्या. एलपीएसला बांधून ठेवणारं पॉलिमिक्सिन बी घालून परिणाम उतरतो का पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण एलपीएस जास्त असेल तर पॉलिमिक्सिन पुरं पडत नाही. प्रत्येक बॅचची एलएएल चाचणी (एलपीएस मोजायची चाचणी) करा. काचसामानावरच्या एलपीएसचं म्हणाल, तर ऑटोक्लेव्हच्या वाफेवर विसंबू नका. २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत किमान ३० मिनिटं ठेवा.

सगळ्यात भरवशाचा कंट्रोल म्हणजे टॉक्सिनचं एंझाइमचं काम बंद पाडलेला म्यूटंट, म्हणजे मुद्दाम बदललेलं तेच प्रोटीन. तो त्याच जिवाणूत बनवायचा, त्याच पद्धतीने शुद्ध करायचा आणि त्यातलंही एलपीएस मोजायचं. उकळण्याचा कंट्रोल स्टॅफिलोकॉकसच्या एंटेरोटॉक्सिनला तर मुळीच लावू नका, ती प्रोटीनं खरोखरच उष्णतेला चिवट असतात. आणखी एक. प्रयोगशाळेत वाढवलेल्या टीएचपी-१ या मोनोसाइटसारख्या पेशी गप्प राहिल्या म्हणून नमुना स्वच्छ आहे असं धरू नका. पीएमए (पेशींना मॅक्रोफेजसारखं बनवणारं रसायन) न दिलेल्या या पेशींवर एलपीएस ओळखायला मदत करणारं सीडी-१४ कमी असतं, थोडं एलपीएस त्यांच्या लक्षातच येत नाही.

दुसरी चूक डांग्या खोकल्याच्या टॉक्सिनबाबत होते, आणि ती अनुभवी माणसांकडूनही होते. पर्टुसिस टॉक्सिन म्हणजे ‘जीआय’ प्रोटीन (रिसेप्टरचा निरोप पेशीच्या आत नेणारं) बंद करायचं बटण, अशीच त्याची ओळख झाली आहे. ते खरं आहे, पण अर्धं. त्याचा एस-१ हा भाग जीआयच्या अल्फा उपघटकातल्या सिस्टीन या अमिनो आम्लावर एडीपी-रायबोज हा रेणू चिकटवतो. मग केमोकाइनचा (पेशींना बोलावणाऱ्या संदेशाचा) रिसेप्टर हाका मारत राहतो आणि आत कोणी ऐकत नाही. डांग्या खोकल्याच्या बाळाच्या रक्तात लिंफोसाइटची संख्या इतकी का चढते, याचं मोठं कारण हेच आहे. पेशींना रक्तातून लसिका ग्रंथींत शिरताच येत नाही. मला ही गोष्ट दरवेळी थक्क करते. एका सिस्टीनवरची छोटीशी खूण थेट सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टमध्ये दिसते.

पण उरलेले पाच उपघटक, म्हणजे बी-ऑलिगोमर, फक्त वाहन नाहीत. ते टी-पेशीच्या पृष्ठभागावरच्या शर्करांना धरतात आणि टी-सेल रिसेप्टरसारखा सिग्नल स्वतःच पेटवतात. कॅल्शियम काही मिनिटांत चढतं. एस-१ला मात्र पेशीतल्या गॉल्जी या भागामार्गे उलटा प्रवास करून आत पोचायला तास लागतात. तेव्हा घड्याळ पाहा. पाच मिनिटांत दिसलेला परिणाम जीआयच्या नावावर टाकू नका. नुसत्या बी-ऑलिगोमरचा कंट्रोल ठेवा. उलट जीआय बंद करायचंच असेल, तर टॉक्सिन अर्धा तास देऊन ‘काही झालं नाही’ म्हणू नका, काही तास द्या.

अँथ्रॅक्सच्या जिवाणूच्या लीथल फॅक्टरची गंमत ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रोटीनचे पट्टे दाखवणाऱ्या चाचणीत) कळते. हा प्रोटिएज (प्रोटीन कापणारं एंझाइम) एमईके या सिग्नल पुढे नेणाऱ्या प्रोटीनला एन-टोकाजवळ, म्हणजे सुरुवातीच्या टोकाजवळ, कापतो, हे १९९८ मध्ये कळलं. एमईकेचा थोडासाच तुकडा जातो, पण साखळीतल्या पुढच्या प्रोटीनला, ईआरकेला, धरायची जागा त्यातच असते. तुमची अँटिबॉडी एन-टोकावरची असेल, तर बँड गायब होतो आणि अहवालात ‘एमईके कमी झालं’ असं लिहिलं जातं. सी-टोकाच्या (शेवटच्या टोकाच्या) अँटिबॉडीने तोच ब्लॉट पुन्हा पाहा. बँड जागेवर असतो, फार तर केसभर खाली सरकलेला. आणि त्याला पेशीत नेणारं प्रोटेक्टिव्ह अँटिजेन घालायला विसरलात, तर लीथल फॅक्टर आत जातच नाही. ही दोन्ही मिळून लीथल टॉक्सिन होतं.

उंदरावरचे निष्कर्ष माणसाच्या पेशींना जसेच्या तसे लावू नका. उंदरांच्या काही वाणांत मॅक्रोफेज लीथल टॉक्सिनने झपाट्याने मरतात, कारण तिथे एनएलआरपी-१बी हे धोका ओळखणारं प्रोटीन कापलं जातं. माणसाच्या मॅक्रोफेजमध्ये तसं होत नाही. स्टॅफिलोकॉकसच्या पँटन-व्हॅलेंटाइन ल्युकोसिडिनचं नेमकं उलटं आहे. ते माणसाच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीवरचा सी-५-ए रिसेप्टर धरून पेशी फोडतं, उंदराच्या न्यूट्रोफिलना मात्र फारसं काही करत नाही.

छिद्रं पाडणारं टॉक्सिन असेल, तर फॉस्फो-ईआरके (ईआरकेचं चालू रूप) घटलेलं दिसलं की आधी पेशी जिवंत आहेत का ते तपासा. त्याच वेळेला, त्याच डोसला एलडीएच (फुटलेल्या पेशीतून गळणारं एंझाइम) मोजा. आणि एकाच माणसाच्या रक्ताच्या तीन वेल म्हणजे तीन नमुने नव्हेत. तीन वेगळे रक्तदाते घ्या आणि आलेखावर प्रत्येकाचा ठिपका वेगळा दाखवा.